मागच्या हाऊसिंगचा आवाज

आवाज किती मोठा येतो, हे मी गिऱ्हाइकाला विचारत नाही. कधी येतो, ते विचारतो. पाय दाबल्यावर येतो की सोडल्यावर? चढाला की उताराला? वळणावर वाढतो का? डांबर संपून काँक्रीट लागलं की बदलतो का? बहुतेकांना यातलं काही सांगता येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. आवाज ऐकला की माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस आवाज लक्षात ठेवतो, पण तो कधी आला ते विसरतो.

नांदेडला लातूर फाट्याजवळ माझं छोटं गॅरेज आहे. शिक्षण लातूरच्या आयटीआयमधलं, मोटार मेकॅनिक ट्रेड. इंजिनाची कामं मी करतो, पण माझ्याकडं लोक येतात ते मागच्या हाऊसिंगसाठी, म्हणजे डिफरन्शियलसाठी. या कामाचा नाद मला लागला तो आमच्याच घरच्या एका नुकसानीमुळं.

माझे वडील अहमदपूर–लातूर मार्गावर काळी-पिवळी कमांडर जीप चालवायचे. मी तेव्हा सातवीत होतो. एका उन्हाळ्यात जीप मागून घोंघावायला लागली. चाळीसच्या पुढं गेली की भुंगा अडकल्यासारखा आवाज. एका गॅरेजवाल्यानं गाडी खाली जाऊन बघितली न बघितली आणि सांगितलं, "क्राऊन-पिनियन गेलं." नवा जोड, बेअरिंगं, मजुरी, वर चार दिवस गाडी उभी. आईची बोरमाळ गहाण पडली. पाचव्या दिवशी वडील पहिली फेरी घेऊन निघाले आणि चाकूर यायच्या आत तोच भुंगा परत सुरू झाला.

लातूरला एक म्हातारे टायरवाले होते. वडिलांनी त्यांच्यापुढं रडगाणं गायलं. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या टायरवरून एकदा पुढून मागं तळवा फिरवला, मग मागून पुढं फिरवला. मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून तसाच फिरवला. एका बाजूनं टायर गुळगुळीत लागत होता, उलट बाजूनं करवतीसारखा. दरवेळी ठासून भरलेली गाडी, ढिले झालेले पाटे, यामुळं नक्षीचा एकेक ठोकळा तिरका झिजला होता. त्यांनी मागचे टायर पुढं टाकले, पुढचे मागं. वडिलांनी गाडी आष्टामोडपर्यंत नेऊन आणली. भुंगा आता पुढून ओरडत होता.

बोरमाळ सुटायला दीड वर्ष लागलं. काढून टाकलेला जुना क्राऊन आमच्या अंगणात बरेच दिवस पडून होता. आयटीआयला गेल्यावर एकदा मी तो घासून पुसून नीट बघितला. एकही दात खराब नव्हता.

म्हणून सांगतो, हाऊसिंग उघडणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. आधी आत काय आहे, ते समजून घेऊ.

लातूरची गंजगोलाई डोळ्यांपुढं आणा. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. तुम्ही जीप घेऊन गोलाईला एक पूर्ण फेरी मारली. आपण डाव्या बाजूनं चालतो, तेव्हा मंदिर तुमच्या उजव्या हाताला राहतं. उजवी चाकं आतल्या वर्तुळावर, डावी बाहेरच्या. मागच्या दोन चाकांत अंतर साधारण १.४ मीटर धरा. एका फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ८.८ मीटर जास्त धावतं. गंमत अशी की गोलाई लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच राहतो. जीपच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे मंदिराला एक प्रदक्षिणा होईपर्यंत बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा चार फेरे जास्त घ्यावे लागतात.

दोन्ही चाकं एकाच सळईला वेल्डिंग करून टाकली असती, तर हे चार फेरे कुठून येणार? एखादं चाक रस्त्यावर घासत गेलं असतं, टायर झिजले असते, धुरा पिळवटला असता. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिथं आखावर दोन्ही चाकं सुटी फिरतात आणि ओढणारे बैल पुढं असतात. पण मोटारीत चाकांनीच गाडी ढकलायची असते. ताकदही दोन्हीकडं जायला हवी आणि फिरण्याची मोकळीकही हवी. हे कोडं सोडवणाऱ्या यंत्राचं पेटंट ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं १८२० च्या दशकात घेतलं, तेही वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मलीही नव्हती.

जीपखाली वाकून बघितलं तर मागच्या दोन चाकांच्या मध्ये भोपळ्यासारखा फुगवटा दिसतो. तो हाऊसिंगचा पोटाचा भाग. गिअरबॉक्सकडून लांब शाफ्ट येतो आणि त्या भोपळ्यात शिरतो. शाफ्टच्या टोकाला आत छोटा दातेरी गिअर असतो, तो टेल पिनियन. त्याला काटकोनात मोठी दातेरी थाळी, ती क्राऊन. पिनियन फिरलं की क्राऊन फिरते, आणि इंजिनाकडून लांबीत आलेली फिरत आडवी होऊन चाकांकडं जाते. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात चार-दोन लहान गिअर असतात, ते स्टार पिनियन. गाडी सरळ चालली असताना हे स्टार आपल्या जागी गप्प असतात, पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून जातात. गंजगोलाईला वळलात की ते स्वतःभोवती फिरायला लागतात आणि बाहेरच्या चाकाला हवे ते चार फेरे मोजून देतात.

एवढं कळलं की अर्धं निदान घरबसल्या होतं. सरळ रस्त्यावर आवाज येतो आणि वळणावर त्यात काही फरक पडत नाही? मग स्टारचा दोष असण्याची शक्यता कमी. सरळ चालताना गप्प आणि चौकात हळू वळताना कटकट? मग आधी स्टार आणि त्यांचे वॉशर बघायचे.

हे सगळ्याच गाड्यांना लागू नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, मागं काही नसतं. अशा गाडीचा मालक "मागचं डिफरन्शियल वाजतंय" म्हणत आला तर मी सरळ मागच्या चाकांच्या बेअरिंगांकडं आणि टायरांकडं वळतो. मागच्या हाऊसिंगवाल्या गाड्या म्हणजे जुनी ॲम्बॅसिडर, पद्मिनी, सुमो, क्वालिस, आणि आजही बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा, मारुतीची ईको, झाडून सगळे पिकअप आणि ट्रक. मराठवाड्यात माणसं, दूध, कांदा, कापूस वाहून नेतात त्या जवळजवळ सगळ्या याच गाड्या. यांच्या हाऊसिंगवर घरं चालतात.

आता एक गाडी सविस्तर सांगतो.

मार्गशीर्ष महिना, माळेगावची यात्रा चार दिवसांवर. चाकूरकडचे एक शेतकरी काका जुनी स्कॉर्पिओ घेऊन आले.

"मिस्त्री, गाडी मागून रडू लालीय बघा."

"कवा रडती, काका?"

"सत्तरच्या पुढं नेली की."

"पाय दाबल्यावर का सोडल्यावर?"

काका विचारात पडले. "ते काय ध्यानात नाही आलं. पण यात्रेला सगळं घर न्यायचंय. करून द्या."

मी गाडी खाली जाऊन बघितली नाही. आधी टायरांवरून दोन्ही बाजूंनी तळवा फिरवला, हवा तपासली, आणि काकांना शेजारी बसवून लोह्याच्या दिशेनं निघालो. पोऱ्याला सगळ्यात मागच्या सीटवर बसवलं. विष्णुपुरी, विद्यापीठ मागं पडलं की रस्ता मोकळा मिळतो. एसी बंद, टेप बंद, काचा वर.

पहिली परीक्षा गिअरची. ७० च्या वेगाला गाडी चौथ्यात ठेवली, आवाज ऐकला. तोच वेग ठेवून पाचवा टाकला. इंजिनाचे फेरे कमी झाले, पण आवाजाची पट्टी हलली नाही. म्हणजे हा आवाज इंजिनाबरोबर फिरत नव्हता, चाकांबरोबर फिरत होता. गिअरबॉक्सच्या पुढचं सगळं एका झटक्यात संशयातून सुटलं.

दुसरी परीक्षा रस्त्याची. पुलावर काँक्रीट, पुढं मागं डांबर. टायरचा आवाज असेल तर पृष्ठभाग बदलला की तो बदलतोच. इथं बदलला नाही. तिसरी परीक्षा, मागंपुढं कुणी नाही बघून गाडी अलगद डावीकडं, मग उजवीकडं झुलवली. चाकाचं बेअरिंग गेलेलं असेल तर वजन त्या बाजूवर आलं की घरघर वाढते आणि उतरलं की कमी होते. इथं काहीच फरक नाही.

चौथी परीक्षा खरी महत्त्वाची. गाडी ८० वर नेली, जोर लावून. आवाज अगदी बारीक. पाय नुसता टेकवून ठेवला, ना ओढ ना ताण. तरी बारीक. मग पाय पूर्ण उचलला. गाडी स्वतःच्या वजनानं गिअरमध्ये धावायला लागली आणि ७० पासून ५५ पर्यंत मागून असा हंबरडा निघाला की पोऱ्या सीटवरून उठला. पाय परत टेकवला, आवाज बसला. तीनदा करून बघितलं, तीनदाही तसंच. सोनखेडला गाडी वळवताना मी काकांना म्हणालो, "काका, रडती ती सोडल्यावर."

यात काय कळलं ते सांगतो. पाय दाबता तेव्हा पिनियनचा दात क्राऊनच्या दाताला एका बाजूनं ढकलतो. पाय उचलला की उलटं होतं, चाकं क्राऊनला फिरवतात, क्राऊन पिनियनला, आणि दाताची दुसरी बाजू कामाला लागते. त्याबरोबर पिनियनवर येणारा रेटाही दिशा बदलतो. पिनियन दोन बेअरिंगांवर फिरतं, एक क्राऊनजवळचं, एक शाफ्टकडचं. दाबल्यावर रडणाऱ्या गाडीत मला क्राऊनजवळच्या बेअरिंगचा किंवा दातांच्या बसणुकीचा संशय येतो. फक्त सोडल्यावर रडणाऱ्या गाडीत बोट बहुतेक वेळा शाफ्टकडच्या बेअरिंगकडं जातं. दोन्हीकडं सारखंच रडत असेल तर दात झिजलेले असू शकतात.

मी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्याचा मला या कामात फार उपयोग होतो. समजा क्राऊनला ४१ दात आहेत आणि पिनियनला १०. ताशी ६० किलोमीटरला जीपचं चाक सेकंदाला साधारण साडेसात वेळा फिरतं. पिनियन त्याच्या ४.१ पट, म्हणजे ३१ वेळा. आणि दातावर दात पडतात सेकंदाला ३०९ वेळा. पेटीच्या मधल्या सप्तकातली काळी दोन ३११ ची असते. म्हणजे दात रडत असतील तर ६० ला गाडी काळी दोनमध्ये गाते, आणि ६४ ला गेली की पांढरी तीनवर चढते. चाकाचं बेअरिंग असं गाऊच शकत नाही. त्याचे फेरे सेकंदाला साडेसात, त्यामुळं तिथून येते ती जाड, खडबडीत घरघर, जात्यावर भरड काढल्यासारखी. पिनियनचं बेअरिंग या दोहोंच्या मधलं, खरखरीत पण पट्टी असलेलं. काकांच्या गाडीचा हंबरडा गोड नव्हता, त्यात खर होती. गिअरच्या दातांचा आवाज स्वच्छ असतो. बेअरिंगचा आवाज घसा बसल्यासारखा असतो. हा फरक कानात बसायला मला सहा-सात वर्षं लागली, पण बसला की जात नाही.

गॅरेजवर आल्यावर गाडी स्टँडवर घेतली. इथं एक कळकळीची सूचना. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका, आणि चाकं हवेत ठेवून इंजिन गिअरमध्ये टाकायचा प्रयोग घरी करू नका. एक चाक थांबलं तर दुसरं दुप्पट वेगानं फिरतं, हाही डिफरन्शियलचाच गुण, आणि तो हातपाय तोडू शकतो.

इंजिन बंद, शाफ्ट सोडवला, पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला. तिथं केसाइतकाही हलका खेळ चालत नाही. हाताला स्पष्ट 'टक' लागलं. मग ऑईल काढलं. काळपट, आणि उन्हात धरलं तर त्यात चांदीची झाक. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकाला राखाडी मऊ लेप असतोच, तो झिजेचा, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण या लेपात नखाच्या कडेएवढे दोन-तीन कपचे होते. मी ते काकांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितले आणि म्हणाले, "हे आतलं?"

"आतलं. बेअरिंगचं. दिवाळीच्या आधी हाऊसिंगचं काही काम केलं होतं का?"

केलं होतं. पिनियनच्या तोंडातून ऑईल गळत होतं म्हणून कुठंतरी सील बदललं होतं. काम अर्ध्या तासाचं. सील बदलायला पिनियनचं मोठं नट काढावं लागतं, आणि परत बसवताना पान्याला लांब पाइप लावून, अंगात असेल तेवढा जोर लावून ते कसलं होतं.

सगळी गोष्ट या नटात आहे. ते नट फक्त घट्ट बसण्यासाठी नसतं. ते दोन बेअरिंगांना ठरावीक ताण देतं. ताण कमी पडला तर पिनियन डुलतं, दात चुकीच्या जागी भिडतात. जास्त झाला तर बेअरिंगचे रोलर गरम होऊन सोलपटतात. दोन बेअरिंगांच्या मध्ये काही गाड्यांत चेपणारी नळी असते, काहींत पातळ शिम असतात, आणि हा ताण त्यांच्यावरच ठरतो. नळी एकदा जास्त चेपली की नट ढिलं करून ती परत फुगत नाही, नवीच घालावी लागते. माझ्या उस्तादांनी हा ताण मोजायची जुनी रीत शिकवली. फ्लँजला दोरीचे चार वेढे द्यायचे, दोरीच्या टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचा आणि सावकाश ओढायचं. पिनियन एका चालीनं फिरत असताना काटा किती दाखवतो, ते कंपनीच्या आकड्याशी ताडायचं. आता त्यासाठी टॉर्कचे चांगले पाने मिळतात. दोरी असो की पाना, मोजणं महत्त्वाचं. सील बदलताना हे मोजायला दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं वाचवल्यानं काकांच्या गाडीचं बेअरिंग दोन महिन्यांत गेलं.

बेअरिंग बाहेर काढून धुतलं. बोटांत धरून फिरवलं तर खडीवरून सायकल गेल्यासारखं जाणवत होतं. रोलरवर मधेच मोहरीच्या दाण्याएवढे खड्डे. दुसरं बेअरिंग वरून बरं दिसत होतं, तरी तेही बदललं, कारण कपचे असलेलं ऑईल त्यातूनही फिरलेलं होतं. मग क्राऊनचा एकेक दात पुसून, बॅटरी तिरकी धरून बघितला. सगळे शाबूत. काकांचा मोठा खर्च तिथंच वाचला. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एक बदलायचं तर दोन्ही बदलावं लागतं. भंगारातून एकाचं पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन आणून बसवणारे आहेत. ती गाडी पहिल्या दिवसापासून रडते आणि पुढं कुणालाच ती गप्प करता येत नाही.

बसवताना दोन गोष्टी बघायच्या असतात. पहिली, पिनियन धरून ठेवलं तर क्राऊन किती हलते. हा मोकळेपणा डायल गेजनं मोजतात, गाडीगणिक आकडा वेगळा, पण साधारण वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढा. दुसरी गोष्ट मला या कामात सगळ्यात जास्त आवडते. क्राऊनच्या तीन-चार दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा आणि क्राऊन हातानं फिरवायची. पिनियनचे दात जिथं भिडतात तिथला शेंदूर पुसला जातो आणि लख्ख लोखंडाचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध, बदामी आकाराचा आला पाहिजे. मुळाशी गेला तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे, शेंड्याकडं सरकला तर फार लांब. मग सगळं परत खोलायचं, शिम बदलायचे, परत शेंदूर. काकांच्या गाडीला तिसऱ्या खेपेला ठसा मधोमध आला. (शेंदूर शिशाचा असतो, विषारी. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हेही उस्तादांचंच.)

लातूरहून एक कॉलेजचा मुलगा थार घेऊन आला होता, त्याची तक्रार वेगळी होती. गाडी दोन इंच उंच केलेली, खाली चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर. "दादा, डिफरन्शियल गेलंय. साठला नुसता घुमतंय आणि चिखलात अडकलो की मागं धाडकन आवाज येतो." घुमणारा आवाज टायरांचाच होता. माझ्याकडचे साधे टायर लावून त्याला एक चक्कर मारायला लावली, तेवढ्यात कळलं. आणि धाडकन आवाज हा दोष नव्हताच. साध्या डिफरन्शियलचा एक अवगुण आहे, तो काळ्या रानात जीप अडकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एक चाक चिखलात गरागरा फिरतं, दुसरं कोरड्यावर असूनही ढिम्म राहतं. ट्रॅक्टरवाले अशा वेळी लॉकचं पॅडल दाबतात. या थारच्या मागच्या हाऊसिंगमध्ये आपोआप बसणारा लॉक आहे. दोन चाकांच्या फेऱ्यांत मोठा फरक पडला की तो पकडतो आणि दोन्ही चाकं एकत्र ओढतात. पकडताना धक्का आणि आवाज येतो. ते त्याचं काम आहे. त्या मुलाच्या गाडीत एक खरी अडचण होती, पण ती त्याच्या लक्षात आली नव्हती. गाडी उंच केल्यानं शाफ्टचा कोन वाढला होता आणि ९० च्या पुढं सीटखाली बारीक थरथर येत होती. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसची बेअरिंगं अशा कोनात लवकर जातात. गाडी सोडताना आणि क्लच उचलताना एक 'टण्ण' ऐकू येतो तो बहुतेक या क्रॉसचा असतो, आणि लोक तोही हाऊसिंगवर ढकलतात. क्रॉस त्या मानानं स्वस्त असतो.

जोरकस, वेगवान गाड्या आपल्याकडं कमी, पण येतात. पुण्याहून घेतलेली जुनी जर्मन गाडी, मागच्या चाकांवर चालणारी. तिच्यात हाऊसिंग लांब धुऱ्याचं नसतं. भोपळा गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांवर टांगलेला असतो आणि दोन्हीकडं सुटे शाफ्ट जातात. रबर फाटलं की सिग्नलवरून जोरात सुटताना मागं ठोका बसतो, आणि आत सगळं ठीक असतं. काही खास गाड्यांत चकत्यांचं क्लच असलेलं डिफरन्शियल येतं, म्हणजे एक चाक एकट्यानं घसरू नये म्हणून. त्यात साधं गिअर ऑईल ओतलं तर पार्किंगमध्ये हळू वळताना चकत्या कचकचतात. त्यासाठी वेगळी मात्रा असलेलं ऑईल लागतं. अशा गाडीत आवाज आला की माझा पहिला प्रश्न असतो, शेवटचं ऑईल कुठलं टाकलं होतं?

ऑईलचा विषय निघालाच आहे. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवायची पद्धत अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९२० च्या दशकात मोटारीत आणली. त्यामुळं गाडीची फरशी खाली आली, दात मजबूत झाले, पण घसरण वाढली. म्हणूनच इथं गंधक असलेलं खास गिअर ऑईल लागतं. त्या उग्र वासावरून ते अंधारातही ओळखू येतं. इंजिन ऑईल ओतून भागत नाही. ऑईलची पातळी भरायच्या भोकाच्या कडेला असावी लागते. करंगळी आत घालून वाकवली की ओली झाली पाहिजे.

हाऊसिंगच्या वर बोटाएवढी एक नळी किंवा टोपी असते, ब्रीदर. हाऊसिंग तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. आपल्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात तिथं बसतो, उन्हाळ्यात वाळून दगड होतो. मग हवा सील फोडून वाट काढते, सीलमधून ऑईल गळतं, ऑईल कमी झालं की बेअरिंगं रडतात. तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की उलटं होतं, आतली हवा एकदम आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. असं ऑईल काढलं तर ताकासारखं पांढुरकं येतं. पावसाळा संपला की मी ओळखीच्या सगळ्या पिकअपवाल्यांना सांगतो, ब्रीदर साफ करून घ्या. पैसे घेत नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यात एखाद्याची बोरमाळ वाचते.

काकांची गाडी यात्रेच्या आदल्या दिवशी तयार झाली. संध्याकाळी त्यांना घेऊन त्याच रस्त्यानं निघालो. ८० वर नेऊन पाय उचलला. ८०, ७०, ६०, ५०. वाऱ्याशिवाय काही नाही. काका दोन किलोमीटर काही बोलले नाहीत. मग त्यांनी मान मागं वळवली.

"मिस्त्री, हा टिकटिक आवाज कशाचा? हा आधी नव्हता."

होता. मोठ्या आवाजाखाली दबला होता. सोनखेडच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं, कडेचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. ते दाबून बसवलं, दार लावलं, आणि आम्ही परत फिरलो.